अकरा दिवस, चौदा तोंडं

लीथ हॉकिंगने फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला होता,
संत्र्यांच्या पेट्यांवर लिहायचा त्याच ठसठशीत अक्षरात:

ऊन उतरलं की दे. आधी नाही.
एक मूठ. माझी नव्हे, तुझी.
पाच मिनिटांत उरेल ते जाळीने काढ.
कमी पडलं तर ते ओरडणार नाहीत.
जास्त झालं तर पाणी ओरडेल.

मग तो गुडघा बदलून घ्यायला ॲडलेडला गेला
आणि मी, शेजारची एव्डोकिया,
चौदा तोंडांची अन्नदाती झाले.

पत्र्याच्या शेडमध्ये वरून कापलेली हजार लिटरची टाकी,
तिच्या डोक्यावर खडीचा वाफा,
खडीत लेट्यूस, बेसिल, एक चुकार टोमॅटो.
थोड्या थोड्या वेळाने सायफन घसा खाकरतो
आणि वरचं पाणी खाली येतं, निवळून.

आत मरे कॉड.
नदीचं नाव मरे, माशाचंही मरे,
आणि दोघं तशी चिवट.

आधी चाळीस होते, बोटाएवढे.
एक जरासा वाढला,
त्याने शेजारचा गिळला, मग आणखी जरासा वाढला.
"प्रतवारीला उशीर केला," लीथ म्हणायचा.
रेनमार्कच्या पॅकिंग शेडमध्ये एकतीस वर्षं
त्याने दुसरं काही केलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी मूठ उघडली.
दाणे तरंगत राहिले.
मग तळातला एक काळोख सुटा होऊन वर आला,
जबडा उघडला, मिटला,
ओलं दार लागावं तसा आवाज,
आणि माझ्या चष्म्यावर पाणी.

आमच्या घरात पुरे म्हणणाऱ्याला
आणखी दोनदा वाढतात.
रिकामं ताट दिसलं की आई
स्वतःला बोल लावायची.
ते वर येऊन बघायचे माझ्याकडे, ओठ हलवत.
चौथ्या दिवशी मी दोन मुठी टाकल्या.
पाचव्या दिवशी कंपोस्टमधली गांडुळं.
सहाव्या दिवशी कोळंबी. सोलून!
ती कोणी घेतली नाही. मला वाटलं, रुसले.
जाळी भिंतीला टांगलेलीच होती.

सातव्या सकाळी पाणी तांदूळ धुतल्यासारखं.
काचेच्या नळीत थेंब टाकले,
पिवळं राहायला हवं होतं,
हिरवं होत गेलं, होतच गेलं.

लीथला फोन केला नाही.
पावसाच्या टाकीतून बादल्या वाहिल्या,
बेचाळीस मोजल्या, नंतर सोडून दिलं.
आणि खाणं बंद.

तीन संध्याकाळी मी तिथे उलट्या क्रेटवर बसले,
दाण्यांचा डबा मुद्दाम घरी ठेवून.
माझी सावली पडली की ते वर यायचे.
हात पाठीमागे धरून बसायला
साठ वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं मला.

दहाव्या दिवशी पाणी निवळलं.
मोजले. तेरा.
पुन्हा मोजले.
पाइपच्या सावलीत सर्वांत मोठा,
पोट एका बाजूला जरा टपोरं,
कल्ले संथ, कोणाचं काही देणं नसल्यासारखा.

लीथ कुबड्यांवर आला. आधी मासे, मग घर.
वाकता येत नव्हतं, तरी वाकला.
"तेरा."
"हो."
त्याने नळी मागितली नाही, वास घेतला फक्त.
मग वाफ्याकडे वळला. लेट्यूस
असं माजलं होतं की खडी दिसत नव्हती.
"भरपूर जेवलंय," तो म्हणाला,
आणि सर्वांत मोठा गड्डा कापून माझ्या हातात दिला.

रात्री माझी नात फेद्रा,
जी डोळे असलेलं काही खात नाही,
लिंबू पिळून अख्खी वाटी खाऊन गेली.
"किती गोड आहे. यात काय घालतात?"

मी तिच्याकडे मीठ सरकवलं
आणि तिने मागायच्या आधीच, सवयीने,
आणखी वाढलं.